रावसाहेबांना हात नाहीत

उन्हाळ्यात खानदेशात जायचं तर सोबत पाणी न्यावं, डोक्याला बांधायला रुमाल न्यावा आणि डोकं शांत ठेवावं. पहिल्या दोन गोष्टी मी नेल्या होत्या. तिसरी माझ्याकडे पुण्यातसुद्धा नसते, असं माझ्या घरचे म्हणतात.

माझं काम काय, हे नातेवाइकांना सांगून सांगून मी थकले आहे. एक्स-रेच्या किरणांनी माणसाच्या कुठल्या अवयवाला किती मार बसला ते मी मोजते. आता जिवंत माणसाच्या यकृतात किंवा गर्भाशयात मापक कसा बसवणार? त्यासाठी आमच्याकडे एक खोटा माणूस असतो, त्याला फॅण्टम म्हणतात. आमच्याकडच्याचं नाव रावसाहेब. डोकं आणि धड, बस. मांसासारख्या आणि हाडासारख्या प्लास्टिकचे आडवे काप एकावर एक रचलेले, आणि प्रत्येक कापात अवयवाच्या जागी बारीक भोकं. त्या भोकांत तांदळाच्या कणीएवढे मणी ठेवायचे. मण्यांवर किरण पडले की ते मुकाट्याने सोसतात, आणि नंतर यंत्रात तापवले की जेवढं सोसलं तेवढा उजेड टाकतात. त्या उजेडावरून डोस काढायचा. एवढंच आहे, पण एवढं ऐकायलाही कुणी थांबत नाही.

अमळनेरच्या एका हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या वैशालीचा मला फोन आला, तेव्हा तिने मात्र सगळं ऐकून घेतलं. एक्स-रेवर काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर एक बिल्ला लावावा लागतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि अंगाला किती किरण लागले ते कळतं. वैशालीच्या बिल्ल्याचा आकडा भलताच मोठा आला होता, आणि वैशालीला चौथा महिना चालू होता. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी, बाळाचं खात्रीने काही सांगता येत नाही, असं म्हणून हात वर केले. सासरचे म्हणाले, जाऊ दे, दुसरं होईल. मोकळं करून घ्यायला सोमवारची वेळसुद्धा घेऊन झाली होती.

"मॅडम, ठेवू की नको, एवढंच सांगा," ती म्हणाली.

एवढंच. फोनवर सांगण्यासारखं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. मी रावसाहेबांची पेटी काढली आणि रात्रीच्या गाडीत बसले.

जळगाव

फलाटावर उतरले तोच पोलिसाने पेटीवर काठी टेकवली. उघडा म्हणाला. मी म्हटलं, उघडते, पण घाबरू नका. असं म्हटल्यावर माणूस घाबरायचाच. आतून रावसाहेबांचा चेहरा वर आला आणि आमच्याभोवती निम्मा फलाट गोळा झाला. मी ऑफिसचं पत्र दाखवलं, ओळखपत्र दाखवलं, समजावून सांगितलं. पोलिसाने सगळं ऐकून विचारलं, "पण याचे हातपाय कुठेत?" मी म्हटलं, अहो, असेच येतात ते. त्याचा विश्वास बसला नाही. बाकीचे तुकडे दुसऱ्या पेटीत असणार, अशा नजरेने तो माझी कपड्यांची बॅग बघत राहिला, शेवटी तीही उघडली. तोपर्यंत माझा अर्धा जीव गेला होता.

बसस्टँडवर पोटात काहीतरी ढकलावं म्हणून शेवभाजी मागवली. आम्ही पुणेकर शेव पोह्यांवर भुरभुरवतो आणि स्वतःला चटपटीत खाणारे समजतो. इथे तिची रश्श्यात बुडवून भाजी करतात, आणि वर लाल तवंग. दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफा निघाल्या. हॉटेलवाल्या भाऊंनी न विचारता एक केळं आणून ठेवलं. "खाई ल्या ताई, थंड पडी," म्हणाले. ते केळं मात्र असं गोड होतं की पुण्यात हातगाडीवर मिळतं ते काय असतं, असा प्रश्न पडावा.

एसटीत कंडक्टरने पेटीकडे बघून विचारलं, माणूस की सामान. फलाटावरची बातमी बसस्टँडपर्यंत माझ्याआधी पोचली होती. मी म्हटलं, सामान. मागून एक आबा म्हणाले, "डोकं शे म्हंतस ना? मग अर्धं तिकीट फाड." अख्खी बस हसली. मला हसू आलं नाही. रात्रभर झोप नव्हती, बाहेर वारा भट्टीसारखा होता आणि सोमवार माझ्या डोक्यावर बसला होता.

जळगाव सोडलं की आधी केळीच्या हिरव्यागार बागा लागतात, मग एकदम उघडी काळी रानं. कापसासाठी नांगरून तापत ठेवलेली, लांबच लांब. डोळे दिपतात. रिकामी जमीन एवढी मोठी असते हे मी विसरूनच गेले होते. धरणगाव जाईपर्यंत मी पेटी मांडीशी धरून नुसती बाहेर बघत बसले.

अमळनेर

दवाखान्यात पोचले तर वैशाली नाही.

"आखाजीला माहेरी गेली ना ती, धुळ्याला," डॉक्टर म्हणाले. जणू मलाच हे ठाऊक असायला हवं होतं.

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. आपण त्या दिवशी आमरस खातो आणि सराफाच्या जाहिराती वाचतो. इथे तो लेकींचा सण. जगबुडी आली तरी लेक माहेरी जाणार, झोका खेळणार, गाणी म्हणणार. सुट्टी मागायची नसते, नुसतं सांगायचं असतं. मी जिच्यासाठी रात्रभर प्रवास करून आले ती झोक्यावर होती. मी कपाळाला हात लावला.

डॉक्टर तसे वाईट नव्हते. घाईत होते. हाडांचे डॉक्टर नेहमीच घाईत असतात, कारण इथे रोज कोणी ना कोणी मोटरसायकलवरून पडतोच. "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे मॅडम," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा फोनवर दुसऱ्याशी बोलता बोलता सांगितलं. एक्स-रेची खोली दाखवली. खोली खरंच बरी होती. बटणाची जागा शिशाच्या आडोशामागे, मध्ये जाड काच. वैशाली तिथे उभी राहून बटण दाबते, असं ते म्हणाले. खुंटीवर एक शिशाचा ॲप्रन लटकत होता. एकच.

मी मांडामांड केली. वैशालीच्या जागी, काचेमागे, स्टुलावर रावसाहेब. पोटाच्या कापांत, गर्भाशयाच्या जागी, जास्तीचे मणी. टेबलावर पेशंट हवा, पण खऱ्या माणसाला मी उगाच किरण देणार नाही. त्यासाठी पाण्याचा मोठा जार आडवा ठेवायचा. शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, किरण त्याला आदळून साधारण तसेच उधळतात. बटण दाबायला खुद्द डॉक्टर. दारात चार-पाच नातेवाईक माना लांब करून उभे. इथे मनगटाच्या एका फोटोला अख्खं घर येतं, हे मी तोपर्यंत पाहिलं होतं.

डॉक्टर बटणाशी गेले, मी काचेतून टेबलाकडे पाहिलं, तर टेबलाशी एक बाई. साठीची, धिप्पाड, नऊवारी नेसलेली. अंगात तो ॲप्रन घातलेला, आणि दोन्ही हातांनी जार घट्ट धरलेला.

"अहो बाई, काय करताय?" मी ओरडलेच.

"पडी जाई ना तो," ती म्हणाली.

"पडू दे. जार आहे तो. बाहेर व्हा बघू आधी."

ती दवाखान्यातली आया होती. सगळे तिला मावशी म्हणत. ती मुकाट्याने ॲप्रन खुंटीला लावून बाहेर गेली. मी जाराला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, मनात म्हटलं, मदत करणाऱ्यांपासून देव वाचवो, आणि माप सुरू केलं.

सगळे फोटो काढून झाले. पेटीतलं मणी तापवायचं यंत्र लावलं आणि वीज गेली. इन्व्हर्टर होता, तो ऑपरेशनच्या खोलीपुरता. केव्हा येईल, असं विचारलं तर सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं. मी व्हरांड्यात बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते, तेवढ्यात मावशी आली आणि तिने डबा उघडला. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. मघाशी मी अंगावर ओरडले होते त्याचं तिच्या तोंडावर काही नव्हतं. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी जाड, खरपूस, आणि तिने ती मोठ्या रुंद हातांनी मोडून माझ्यापुढे ठेवली. आमच्याकडे ओळख नसलेल्या माणसाला आम्ही पाणी विचारतो आणि तो नको म्हणेल अशी आशा करतो. मी तिच्या डब्यातलं अर्धं खाल्लं. तिने काय खाल्लं ते मी विचारलं नाही.

वीज आली. मणी तापवले. काचेमागच्या रावसाहेबांच्या पोटातल्या मण्यांनी उजेड टाकला तो नावापुरता. मी पुन्हा तपासलं, तुलनेसाठी किरणांपासून लांब ठेवलेले मणीही तपासले. काहीच नाही. काचेमागे उभ्या राहणाऱ्या बाईच्या बिल्ल्यात तेवढा मोठा आकडा येऊच शकत नव्हता.

याचे अर्थ दोनच. एक तर वैशाली काचेमागे उभी राहत नव्हती, आत पेशंटजवळ राहत होती, आणि मग जे लागलं ते पोटातल्या बाळालाही लागलं. नाहीतर बिल्ला तिच्या अंगावर नव्हता.

"मग मुद्दाम ठेवला असेल टेबलावर," डॉक्टर म्हणाले. "हलकं काम मिळावं म्हणून. करतात हो पोरी असं."

मला संताप आला. चार महिन्यांची गरोदर बाई स्वतःचं मूल पाडायला घेऊन जातील असा आकडा मुद्दाम आणेल? मी त्यांना तसं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, मी आपलं एक शक्यता बोललो. आणि फोन घ्यायला गेले.

रावसाहेबांना तिथेच कपाटात बंद केलं आणि मी धुळ्याची बस पकडली.

धुळे

बस माहेरवाशिणींनी खच्चून भरलेली. प्रत्येकीच्या हातात पिशवी, कडेवर पोर, आणि सगळ्या अशा आनंदात की उकाडा फक्त मलाच होतोय असं वाटावं. शेजारची मला म्हणाली, "तुमीबी माहेरले का, अक्का?" मी म्हटलं, नाही, कामाला. तिने माझ्याकडे इतक्या कीव आल्यासारखं पाहिलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

निघताना वैशालीला फोन केला, तेव्हा तिने पत्ता सांगितला होता. देवपुरात या, मोठं निंबाचं झाड आहे, झोका बांधलाय, त्याच्यासमोर. धुळ्यात आखाजीच्या दिवसांत ज्या ज्या निंबाला फांदी असते तिला झोका बांधलेला असतो. रिक्षावाल्या भाऊंनी मला चार निंब दाखवले. प्रत्येक ठिकाणी मी उतरायची, वैशालीला विचारायची, आणि प्रत्येक ठिकाणी एक वैशाली असायची, पण ती नसायची. पाचव्या झाडाखाली मुली झोक्यावर होत्या, आणि समोरच्या ओट्यावर एक जण भिंतीला टेकून नुसती बसली होती. डोळ्यांखाली काळं, हात पोटावर. मी रिक्षावाल्याला म्हटलं, हीच.

आत गेले. वैशालीची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. बसेना. मी पाणी पिण्याआधीच विचारलं.

"वैशाली, खरं सांग. फोटो काढताना तू कुठे उभी असायचीस?"

"काचेमागे."

"नेहमी? दिवस गेल्यावरही, आधीही?"

"बटण तिकडेच आहे ना मॅडम. आत उभी राहिले तर दाबणार कोण?"

"बिल्ला घालत होतीस?"

"रोज." तिचे डोळे भरून आले. "सगळे हेच विचारतात. मी एक दिवससुद्धा चुकवलं नाही. ट्रेनिंगला सांगितलं होतं, बिल्ला ॲप्रनच्या आत लावायचा. मी पहिल्याच दिवशी ॲप्रनला आतून टाचून टाकला. पडायला नको, हरवायला नको."

"ॲप्रनला टाचला. तुझ्या कपड्याला नाही."

"ॲप्रनच्या आतच सांगितलं होतं."

"आणि ॲप्रन तू घालत होतीस?"

"काचेमागे कशाला ॲप्रन? एवढा जड. तो मावशी घालतात."

"मावशी?"

"पेशंटला धरायला," ती मला समजावू लागली, मला कळलं नसेल असं समजून. "लहान पोरं रडतात, म्हाताऱ्यांना सरळ ठेवावं लागतं. नातेवाइकांचे हात थरथरतात, फोटो हलतो. डॉक्टर म्हणतात मावशींना बोलवा. मावशींचा हात हलत नाही."

नियम असा, की बिल्ला माणसाने घालायचा आणि त्यावरून ॲप्रन. ही पोरगी नियम अक्षर न् अक्षर पाळत होती आणि बिल्ला रोज दुसऱ्याच बाईच्या अंगावर जात होता. डॉक्टरांनी विचारलं, बिल्ला घालतेस का. तपासणीच्या पत्रात विचारलं, बिल्ला घालतेस का. ती हो म्हणाली आणि खरंच बोलली. तो कोणाच्या अंगावर असतो, हे कुणी विचारलंच नाही. मला त्या क्षणी कोणाला झोडपावं ते कळेना, म्हणून मी तिच्या आईकडून तांब्या घेऊन पाणी प्याले आणि तो परत दिला.

मग तिचा हात धरून सांगितलं. रावसाहेबांना तिच्या जागी उभं करून मोजलंय. जमिनीतून, भिंतीतून, आपल्या स्वतःच्या रक्तातून रोज आपल्याला जे किरण लागतात, त्यापुढे तिच्या बाळाला लागलेलं काहीच नाही.

"ठेवू?"

"ठेव. बिनधास्त ठेव."

ती रडली नाही. तिने आईकडे पाहिलं. आई दारातच खाली बसली, तांब्या हातात तसाच. मग म्हणाली, "लिखी द्या ताई. तिना सासरले दखाडाले." मी लिहून दिलं, खाली सही केली, डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलले. सोमवारची वेळ रद्द झाली. मी पोरांबाळांत न रमणारी बाई आहे, पण तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग मला न जेवता जाऊ देतील हे शक्यच नव्हतं. खापरावरची पुरणपोळी होती, उपड्या मडक्यासारख्या खापरावर हातांनी पसरवून भाजलेली, ताटाबाहेर जाईल एवढी मोठी आणि ओढणीसारखी पातळ. सोबत वाटीभर आमरस. मी घडी मोडून रसात बुडवली. बाहेर मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. वैशाली कित्येक दिवसांनी जेवत होती, असं तिची आई म्हणाली. दोन घास खाल्ले आणि ती थांबली.

"मॅडम, मग तो आकडा खोटा नाही ना?"

मी घास खाली ठेवला. कारण नेमकं तेच माझ्याही मनात आलं होतं. बिल्ला बरोबर होता. यंत्र बरोबर होतं. जे मोजलं गेलं ते कुणाच्या तरी अंगावर पडलेलंच होतं.

"खोटा नाही," मी म्हटलं. "तो मावशींचा आहे."

पुन्हा अमळनेर

मावशीला बिल्ला का नाही, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ती एक्स-रेची स्टाफ नाही, आया आहे. मी म्हटलं, मग एक्स-रेत काय करते? ते म्हणाले, धरते. मी म्हटलं, कधीपासून? त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, हे मशीन नव्हतं, जुनं होतं, तेव्हापासून.

या वेळी मी रावसाहेबांना काचेमागे नाही, टेबलाशी उभं केलं, मावशीच्या जागी. अंगात तोच ॲप्रन. आत मणी. टेबलावर जार. आणि इथे माझी पंचाईत झाली. मावशी फोटोच्या चौकटीत हात घालून पोर धरते. धडाला ॲप्रन आहे, हातांना काही नाही. सगळ्यात जास्त मार हातांनाच. आणि रावसाहेबांना हातच नाहीत. इतकी वर्षं मी त्यांना घेऊन गावोगाव फिरले, पोलिसांनी, कंडक्टरांनी, शाळेतल्या पोरांनी मला विचारलं, हात कुठेत, आणि मी दर वेळी वैतागून सांगितलं की लागत नाहीत.

"कसाना हात पायजे?" मावशीने विचारलं.

मी सांगितलं, कशाचेही चालतील, पण अंगासारखे, ओलसर, घट्ट. ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि कणकेचा गोळा मळून घेऊन आली. माझ्यासमोर बसून तिने दोन हात वळले, स्वतःच्याच मापाचे, पाचही बोटं वेगळी काढलेले. बांगड्यांच्या जागी तिने कणकेवर बोटाने रेघासुद्धा ओढल्या, सवयीने. मी त्या बोटांवर मणी चिकटवले आणि ते हात जारावर ठेवले. डॉक्टर दारातून बघत होते. पहिल्यांदाच त्यांच्या कानाला फोन नव्हता.

मणी तापवले. ॲप्रनच्या आतल्या मण्यांचा हिशेब बिल्ल्याच्या आकड्याशी जुळत गेला. कणकेच्या बोटांवरच्या मण्यांनी जो उजेड टाकला, तो बघून मी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. तसाच उजेड.

मी मावशीला समोर बसवून सांगितलं. घाबरवलं नाही, पण लपवलंही नाही. हातांच्या कातडीवर, नखांवर लक्ष ठेवायचं, दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं, आणि आजपासून धरणं बंद. धरायचंच तर पोराचे आईबाप धरतील, ॲप्रन आणि शिशाचे हातमोजे घालून, आणि दर वेळी वेगळं माणूस, एकच नाही.

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "माले काय व्हस," ती म्हणाली. "आते म्हातारी व्हई गऊ."

तेवढ्यात एक पोर आलं, कोपर मोडलेलं, मागे सगळं कुटुंब. डॉक्टरांनी सवयीने हाक मारली, "मावशी." ती उठली आणि खुंटीकडे हात गेला. ॲप्रन मी मांडीवर घेऊन बसले होते.

"बाप हलेल, फोटो हलेल," डॉक्टर म्हणाले.

"मग तुम्ही धरा," मी म्हटलं आणि ॲप्रन त्यांच्यापुढे केला.

त्यांनी ॲप्रनकडे पाहिलं. मग पोराच्या बापाकडे वळून म्हणाले, "या भाऊ, तुम्ही धरा." ॲप्रन मी बापाच्या अंगात चढवला.

मावशी काचेमागे माझ्याशेजारी उभी राहिली. बापाने हात धरला, पोर रडायला लागलं, तशी ती काचेतून ओरडून सांगू लागली, कसं धरायचं, कुठे दाबायचं. फोटो हलला नाही. फोटो झाल्यावर ती हात पदराला पुसत राहिली, पुसायला काही नसताना.

निघण्याआधी मी तिच्या बिल्ल्याचा अर्ज भरला. नाव विचारलं तर डॉक्टर, नर्स, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिनेच सांगितलं, मंजुळाबाई. तिथे ते नाव त्या दिवशी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं.

पुणे

हे सगळं होऊन पाऊस येऊन गेला. वैशालीला मुलगी झाली, वजन चांगलं, रडणं खणखणीत, असा निरोप आला. डॉक्टरांनी शिशाचे हातमोजे आणि दुसरा ॲप्रन घेतला, हे मी पुन्हा पुन्हा फोन करून वदवून घेतलं. मंजुळाबाईंच्या नावाच्या बिल्ल्याचा पहिला आकडा आला. शून्य. माझ्या धंद्यात याहून गोड आकडा नाही. मी दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या मनात शंका आली, आणि मी तिला फोन लावला.

"मावशी, बिल्ला कुठे लावता?"

"बिल्ला? तो देवाजोडे शे ना."

"कुठे?"

"देवघरमा. मन्हा नावनी वस्तू शे ती मॅडम, आमना घरमा पहिलीच. दवाखानामा ली गऊ आनि हारपी गई तर?"

मी डोळे मिटले. घरात पहिल्यांदा तिचं नाव छापून आलेली वस्तू, आणि ती हळदकुंकू लावून देवापुढे. आता हिच्यावर ओरडायचं तरी कसं?

"आणि धरणं? धरणं बंद केलंत ना?"

फोनवर तिच्या मागे कुठलंतरी पोर मोठ्याने रडत होतं.

"मोठा माणूसले नही धरत," ती म्हणाली. "पन पोरगं रडस, बापना हात कापतस. मग कोन धरी?"

फोन ठेवला. कपाटातून रावसाहेबांची पेटी काढली, धूळ झटकली, आणि जळगावच्या गाडीचं तिकीट काढलं. उन्हाळा असो नाहीतर हिवाळा, त्या गावाला मी शांत डोक्याने जाईन अशी काही चिन्हं नाहीत.